घर घेतलंय, आधी पूर्ण वाचा मग फोन करा

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला गेले की आई रडते आणि बाबा "हं" म्हणून फोन तिच्याकडे देतात, म्हणून लिहितेय. घर घेतलंय. बघतोय वगैरे नाही, घेतलंय, मार्चमध्येच सह्या झाल्या आणि तीन महिने मी तुमच्याशी रोज बोलून यातलं एक अक्षर काढलं नाही. काय ओरडायचं ते ओरडा.

व्हर्जिनियात मॅथ्यूज काउंटी आहे, चेसापीक बेच्या काठाला. काउंटी म्हणजे जिल्हाच, पण अख्ख्या जिल्ह्यात माणसं साडेआठ हजार आणि सिग्नल एकही नाही. मोबजॅक बेला मिळणारी एक छोटी खाडी आहे, तिच्या काठावर घर. हो, पाण्याच्या काठावर. २०१९ च्या सांगलीच्या पुरानंतर मीच म्हणाले होते की आता पाणी दिसेल अशा खिडकीतसुद्धा बसणार नाही. माहितीय. आई, तू ऐकवायच्या आधी मीच स्वतःला शंभरदा ऐकवलंय.

पण बाबा, हे पाणी कृष्णेसारखं नाही. वर कोयना नाही की दरवाजे उघडले आणि रात्रीत चढलं. भरती-ओहोटीचा रोजचा फरक दोन-अडीच फूट. भीती असते ती वादळाची, वारा बेमधलं पाणी खाड्यांत ढकलतो. २००३ च्या इसाबेल वादळात इथे घरांत पाणी शिरलं होतं, लपवत नाही. १९३३ च्या वादळाने तर इथल्या टोकावरचं जुनं दीपगृह जमिनीपासूनच तोडलं, ते आता पाण्यात एकटं उभं असतं. खारं पाणी मुळाशी जाऊन वाळलेली पाइनची झाडंही दिसतात. हे सगळं बघूनच घेतलंय. घर उंच पायावर आहे, खालच्या मोकळ्या जागेला पाणी आरपार जायला झडपा आहेत, पुराचा वेगळा विमा काढलाय, आणि आमचा झोन सगळ्यात आधी निघणाऱ्यांतला आहे, निघा म्हटलं की आम्ही निघणार, तुमच्यासारखं गच्चीवर चढून बोटीची वाट बघत बसणार नाही. (सॉरी. पण बसला होतात.)

दोघांचं काम घरून, शहरातलं भाडं झेपत नव्हतं, पिल्लूला अंगण हवं होतं, ही सगळी कारणं खरी आहेत पण मी ती तुमच्यासाठी जमवून ठेवली होती. पहिल्यांदा घर बघायला गेलो तेव्हा धक्क्यावर उभी राहिले, खांबाला पाण्याची ओली रेघ होती, आणि मी आपोआप मोजायला लागले. बाबा, स्कूटरवर पुढे उभी करून तुम्ही मला आयर्विन पुलावर न्यायचात, मी कृष्णेच्या पातळीचा आकडा ओरडून वाचायचे आणि तुम्ही म्हणायचात, बरोबर वाच, तीन नाही आठ. तेव्हाच ठरलं बहुतेक.

आता तुमच्या खोलीचं. दक्षिणेकडची खोली तुमची, उन्हाची, बाथरूम आतच. पाणी विहिरीचं म्हणजे बोअरचं आहे, थोडा वास येतो, प्यायला फिल्टर बसवलाय. हॉस्पिटल ग्लॉस्टरला, अर्ध्या तासावर, मी स्वतः गाडी चालवून बघितलं, दोनदा. इंडियन दुकान मात्र तासाभरावर न्यूपोर्ट न्यूजला, महिन्यातून दोनदा जातो, खोवलेला नारळ आणि कढीपत्ता फ्रीझरमध्ये असतो, आई, तू नाक मुरडू नकोस. तिकडे जाताना यॉर्क नदीवर कोलमन पूल लागतो, मोठं जहाज आलं की पुलाचे मधले दोन तुकडे चक्क आडवे फिरतात आणि आपण गाडी बंद करून बघत बसायचं. बाबांना तिथून उठवणं अवघड जाणार. गवतात गोचिडी फार, त्यामुळे पायजमा मोज्यात खोचूनच फिरायचं, हसू नका.

तुम्ही यावं असं म्हणतेय, या म्हणून आग्रह नाही. म्हणजे आहे. पण तिथलं घर बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, हॉलमधली पुराच्या पाण्याची ती रेघ तुम्ही रंगवू दिली नाहीत तेव्हाच मला कळलं.

पण ऐका. पावसाळा आलाय. कागदपत्रं आणि आईचे अल्बम आत्ताच वर न्या, कपाटाच्या तळाशी काही ठेवू नका. पुलाला ४० फुटांचा इशारा झाला की त्याच दिवशी मिरजेला मावशीकडे, ४५ ची वाट बघायची नाही, "मागच्या वेळी तर" हे वाक्य चालणार नाही. बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या पिशवीत वेगळ्या. आई, दादाच्या लग्नातली साडी वर ने, दरवेळी विसरतेस आणि मग वर्षभर हळहळतेस.

भडंग संपलं. पाठवाच असं नाही.

तुमची,
चिमी

ता.क. पुढच्या दाराला नऊ पायऱ्या आहेत, सुतार शनिवारी कठडा बसवायला येतोय. बाबा, सरळ उभं राहून मनगटापासून जमिनीपर्यंत किती होतं ते आईकडून मोजून घ्या आणि कळवा. टेपने. अंदाजे नको.