लॅटिनमध्ये पिंपळ स्त्रीलिंगी

आमच्या भागातल्या उद्यानात झाडांना नावांच्या पाट्या लागल्या, याचा मनापासून आनंद झाला. पण पिंपळाखाली ‘फायकस रिलिजिओसस’ असे रंगवले आहे, हवे ‘रिलिजिओसा’. शास्त्रीय नावातला दुसरा शब्द विशेषण असेल, तर तो पहिल्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. आपण नाही का ‘काळा घोडा, काळी घोडी’ म्हणत? ‘फायकस’ ऐकायला पुल्लिंगी वाटतो खरा, पण लॅटिनमध्ये बहुतेक झाडे स्त्रीलिंगी मानतात. म्हणूनच १७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ‘रिलिजिओसा’ लिहिले. उंबरही ‘रेसिमोसा’ आणि चिंच ‘टॅमॅरिंडस इंडिका’. मोर मात्र ‘पाव्हो क्रिस्टॅटस’, म्हणजे तुरेवाला. माणसाचे नाव द्यायचे झाले तर षष्ठी येते: दक्षिण भारतातले एक वटवाघूळ ‘लॅटिडेन्स सलीमअलीआय’ आहे, म्हणजे सलीम अलींचे.

परवा शाळेची मुले वह्या मांडीवर घेऊन तीच पाटी उतरवून घेत होती. एका मुलीने ‘सस’ दोनदा गिरवले. चूक एका अक्षराची आहे, पण ती आता तीस-चाळीस वह्यांत गेली आहे. संबंधितांनी पाटी लगेच दुरुस्त करावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा