रीफ टँकला मोठा कॅनिस्टर पुरत नाही हो

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ कसं ठेवायचं, म्हणजे रीफ टँक कसा करायचा, यावर लेख आलाय तो दोनदा वाचला, फोटो मस्तच आहेत, पण त्यात एका ठिकाणी म्हटलंय की नुसते मासे असलेल्या टाकीत प्रवाळ आणायचं असेल तर आहे त्याच्या दुप्पट ताकदीचा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डबा, ज्यातून पंपाने पाणी फिरवून गाळतात) लावा की झालं. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण तीन वर्षांपूर्वी मी नेमकं हेच करून बसलो होतो. पैसे गेले ते गेलेच, वर टाकीत केसाळ शेवाळाचं शेत झालं.

माझी टाकी चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपास, डोंबिवलीत हॉलमध्ये ठेवलेली. सात वर्षं त्यात दोन क्लाउन, तीन डॅमसेल आणि एक फॉक्सफेस असे मासे, खाली कॅनिस्टर, त्यात बॅक्टेरिया वसायला बायो-बॉल म्हणजे प्लॅस्टिकचे जाळीदार गोळे आणि सिरॅमिकच्या रिंगा ठासून भरलेल्या. मासे टुणटुणीत. नायट्रेटची टेस्ट केली की नळी बिटाच्या रसासारखी लाल व्हायची, लिटरला पन्नास मिलिग्रॅमच्या वर, पण माशांना त्याचं काही वाटत नव्हतं म्हणून मलाही वाटलं नाही.

आता कॅनिस्टर करतो काय, तर माशांच्या घाणीचा आणि उरलेल्या खाण्याचा अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट, आणि तिथे गाडी थांबते. तुम्हाला जायचंय कर्जतला आणि लोकल बदलापूरलाच रिकामी झाली असा प्रकार. नायट्रेटचा पुढे वायू होऊन तो हवेत जायला जे बॅक्टेरिया लागतात त्यांना ऑक्सिजन नसलेली जागा हवी असते आणि ती छिद्राछिद्रांच्या दगडाच्या पोटात किंवा वाळूच्या खालच्या थरात मिळते, कॅनिस्टरमध्ये तर पाणी धो धो वाहत असतं. म्हणजे दुप्पट मोठा कॅनिस्टर लावून मी काय केलं तर बदलापूरला जरा लवकर पोचलो! शिवाय त्यातला स्पंज आठवड्याला धुवायचा कंटाळा केला की अडकलेली घाण तिथेच कुजते आणि परत पाण्यात उतरते, आणि धुवायला काढायचा म्हणजे पाइप सोडा, बादल्या आणा, फरशी पुसा. कोण करतंय दर रविवारी.

आणि लाइट जाते त्याचं काय? आमच्याकडे पावसाळ्यात तीन-चार तास जाते कधीकधी. कॅनिस्टरचा बंद डबा, आत बॅक्टेरिया उरलासुरला ऑक्सिजन संपवून मरायला लागतात, आणि लाइट आली की पंप सुरू होऊन ते सडकं पाणी थेट टाकीत. माझा एक डॅमसेल असाच गेला असावा असं मला अजून वाटतं.

रीफसाठी घाण कुजायच्या आधीच पाण्याबाहेर काढायला हवी आणि ते काम प्रोटीन स्किमर करतो. खाऱ्या पाण्यात अगदी बारीक बुडबुडे सोडले की त्यांच्या अंगाला प्रथिनं, तेलकट घाण चिकटते, फेस वर चढतो आणि वरच्या कपात साचतो. गोड्या पाण्यात हा फेस धरत नाही म्हणून गोड्या पाण्यातून इकडे आलेल्या लोकांना या यंत्राची सवयच नसते. पहिल्या आठवड्यात माझ्या कपात काढ्यासारखं काळपट पाणी जमलं, ते मोरीत ओतताना आई म्हणाली, अरे सुकट परवडली. खरंच परवडली. पण तो वास टाकीतून बाहेर आलाय एवढं समाधान. रात्री दिवे बंद असताना पाण्यात हवा खेळती राहते तो फायदा वेगळाच.

दुसरा फिल्टर म्हणजे दगडच. हे काही नवीन खूळ नाही, जकार्ताच्या ली चिन एंग नावाच्या माणसाने १९६१ साली एका अमेरिकन मासिकात लिहिलं होतं की तो समुद्रातले जिवंत दगड (म्हणजे ज्यांच्या छिद्रांत बॅक्टेरिया आणि बारीक जीव वसलेत असे) आणि हवेचे थोडेसे बुडबुडे एवढ्यावरच टाकी चालवतो, पुढे जर्मनीत त्याला स्किमरची जोड मिळाली आणि तिला आज बर्लिन पद्धत म्हणतात. फक्त तुमच्या लेखात 'कोकणात गेलात तर किनाऱ्यावरचे छिद्रांचे दगड घेऊन या' असं जे छापलंय ते कृपया मागे घ्या. आपल्याकडे दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या परिशिष्टात टाकलेलं आहे, आणि तो छिद्रांचा दगड बऱ्याचदा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाच असतो. मालवणहून पिशवी भरून आणलेले दगड गळ्याशी येतील. बाजारात भाजलेल्या मातीचे, सिमेंटचे कृत्रिम दगड मिळतात, मी तेच पंचवीस किलो घेतले, त्यात बॅक्टेरिया वसायला चार-पाच महिने लागले पण वसले. प्रवाळ म्हणाल तर मशरूम, झोआ, लेदर असले दगडी सांगाडा नसलेले मऊ प्रकार मित्राच्या टाकीतल्या प्रवाळाचे तुकडे कापून आणले, दगडी प्रवाळाच्या वाटेला गेलोच नाही.

जुने बायो-बॉल मात्र एका दिवसात काढू नका. मी दर रविवारी एक मूठ काढत गेलो, दोन मुठींच्या मध्ये अमोनिया मोजायचा, शून्य असेल तरच पुढची. अडीच महिने लागले. कॅनिस्टर फेकला नाही, त्यात आता फक्त कार्बनची पिशवी असते, महिन्यातून चार दिवस चालवतो, पाणी पिवळट दिसायला लागलं की.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट विचारायला हवी ती लेखात कुठेच नाही, की या टाकीत कधी तांब्याचं औषध पडलंय का. माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा आजार झाला की दुकानदार निळं औषध देतो, मासे वाचतात, मीही दोनदा घातलं होतं आणि विसरून गेलो होतो. तांबं चुनखडीच्या वाळूत आणि दगडांत मुरून बसतं आणि हळूहळू सुटत राहतं. कृत्रिम दगड नवे होते पण वाळू जुनीच ठेवली होती. पहिल्या संध्याकाळी हौसेने दोन क्लीनर कोळंब्या सोडल्या, जेवून येऊन बघतो तर एक उलटी पडून पाय झाडत होती आणि दुसरी काचेच्या कोपऱ्यात लाल-पांढरी निपचित. मुलगी रडायला लागली. दुसऱ्या दिवशी तांब्याचं टेस्ट किट आणलं आणि मग अख्खी वाळू बदलली. लाख रुपयांचा फिल्टर लावला असता तरी त्या कोळंब्या मेल्याच असत्या.

संप, म्हणजे टाकीखाली फिल्टरची दुसरी टाकी, करणार असाल तर अजून एक, पंप बंद पडला की टाकीतलं पाणी खाली संपमध्ये उतरतं, माझ्या मापाच्या टाकीत पातळी एक इंच जरी उतरली तरी साडेतेरा-चौदा लिटर होतात, तेवढी जागा रिकामी सोडा. नाहीतर खालच्या मजल्यावरचे काका रात्री दोन वाजता बेल वाजवतात. अनुभव आहे.

आणि स्किमर घेताना अडीचशे लिटरच्या टाकीला हजार लिटरच्या टाकीचा नको. मऊ प्रवाळाला थोडं मळकट पाणीच मानवतं, माझं नायट्रेट आता पाच ते दहाच्या मध्ये असतं, मध्ये एकदा हौसेने शून्यावर नेलं तर मशरूम आक्रसून बसले होते.

काल दुकानात मीठ आणायला गेलो तर एक कॉलेजचा मुलगा तुमच्या लेखाचं कात्रण घेऊन सगळ्यात मोठा कॅनिस्टर मागत होता. त्याला बाहेर चहाला नेलं आणि पाऊण तास बोललो, पण दरवेळी मी तिथे असेनच असं नाही, तेव्हा पुढच्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती छापा, निदान किनाऱ्यावरच्या दगडांची तरी.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)