पॉलिशपेपरच्या एका पट्टीसाठी

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली आमची कॅम्पर गाडी काल संध्याकाळी तुमच्या शेडमधून घरी आली. आज सकाळी आईने चहा टाकायच्या आधी गाडीचं दार उघडलं, डोळे मिटले आणि हात लांब करून गॅसचा कॉक बंद करून दाखवला. एका झटक्यात, न चाचपडता. ते पाहिलं आणि हे पत्र लिहायला बसलो. तुमच्या शेडमध्ये निघताना नीट बोलता आलं नव्हतं.

तुमच्याकडे येण्याआधी ही गाडी दुसऱ्या एका ठिकाणी अडीच महिने होती. तिथून देखणी होऊन आली. 19 एमएमचं प्लाय, वर चकचकीत लॅमिनेट, छताला रंगीत दिवे. पण गॅसची टाकी चारी बाजूंनी बंद कपाटात, 1000 वॉटच्या इन्व्हर्टरला 6 स्क्वेअर एमएमची वायर आणि 100 लीटरची पाण्याची टाकी थेट मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. विचारलं तर उत्तर एकच, "सगळे असंच बनवतात." त्यांना माहीत होतं की गाडी मनालीहून लेहला जाणार आहे, सप्टेंबरअखेरीला, आणि तिच्यात माणसं झोपणार आहेत. वाटेतलं सरचू जवळपास 4,300 मीटर उंचीवर आहे. तिथे त्या दिवसांत रात्री पारा शून्याखाली उतरतो, खिडक्या घट्ट लावल्या जातात. अशा गाडीतलं गॅसचं कपाट बंद ठेवणाऱ्यांबद्दलचा राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवायचाही नाही.

तुम्ही पहिल्या दिवशी गाडीला हातसुद्धा लावला नाहीत. आत बसलात, सगळी कपाटं उघडून पाहिलीत आणि विचारलंत, "झोपणार कोण कुठे? रात्री उठणार कोण?" हा प्रश्न तोपर्यंत कुणीच विचारला नव्हता.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, फरशीवर पाण्यासारखा पसरत जातो आणि ठिणगीची वाट पाहतो. म्हणून कपाटाच्या तळालाच गाडीबाहेर उघडणारी दोन भोकं पाडलीत, खालून जाळी लावलीत आणि आतल्या दाराला रबराची पट्टी, म्हणजे गळलेला गॅस झोपायच्या जागेकडे न येता खाली रस्त्यावर जाईल. गॅसचा अलार्म फरशीपासून वीतभर उंचीवर लावलात. कार्बन मोनॉक्साइडचा मात्र उशीच्या उंचीला, कारण तो वायू हवेइतकाच वजनाचा, सगळीकडे मिसळतो, आणि त्याला वास नाही. मोठ्या कंपनीचं नाव छापलेले दोन्ही अलार्म एकाच जागी, छताला चिकटवून देणारे लोक आम्ही पाहिले आहेत. लायटरमधला गॅस न पेटवता अलार्मजवळ सोडून तो वाजतो की नाही हेही तुम्ही आमच्यासमोर पाहिलंत. आणि बजावलंत की कितीही थंडी वाजली तरी ऊब यावी म्हणून आत शेगडी पेटवायची नाही, कोळशाची तर नाहीच नाही.

वायरिंगबद्दल थोडक्यात, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी गाडीत आजही तशीच वायर असेल. बारा व्होल्टवर 1000 वॉट ओढायचे तर, इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून, तारेतून नव्वदच्या वर अँपिअर जातात. 6 स्क्वेअर एमएमची वायर तेवढ्याने तापते, तिचं प्लास्टिक मऊ होतं, आणि ते सगळं प्लायच्या मागे, दिसणार नाही असं. तुम्ही 35 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकलीत आणि 125 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवलात. फ्यूज इन्व्हर्टरच्या टोकाला असला तर मधेच केबल घासून शॉर्ट झाली तरी तो उडतच नाही. लिथियम बॅटरी पायरीखालून काढून आत सीटखाली घेतलीत, कारण शून्याखाली ती चार्ज केली तर आतून कायमची खराब होते. सोलरला वेगळा स्विच दिलात: सकाळी आधी गाडीत ऊब येऊ द्यायची, मग तो दाबायचा.

पाण्याची टाकी दोन अ‍ॅक्सलच्या मधे आणलीत. मागे लोंबणारे शंभर किलो पुढची चाकं हलकी करतात, आणि खडीच्या उतारावर स्टिअरिंगला पकड राहत नाही. टाक्या भरून, सामान चढवून, सगळ्यांना बसवून धर्मकाट्यावर पुढची आणि मागची चाकं वेगळी तोलून घेतलीत. सामान हलवून दुसऱ्यांदा तोललं, तर काट्यावरच्या मुलाने दुसऱ्या वेळचे पैसे घेतले नाहीत. त्यालाही हे पत्र वाचून दाखवा.

नळाचे कडक पाईप काढून लवचीक नळी टाकलीत, कारण पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि सगळ्यात आधी एल्बो, म्हणजे पाईपच्या वळणावरचा जोड, फुटतो. सगळ्यात खालच्या जागी एक ड्रेन कॉक दिलात, झोपायच्या आधी उघडायचा. रेडिएटरमधलं पाणी काढून कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरलंत. वाटेत कमी पडलं म्हणून साधं पाणी ओतत गेलं की ते पातळ होतं, आणि वर डोंगरात गोठलं तर इंजिनाचा ब्लॉकच तडकतो. ब्रेक ऑइल बदललंत, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. जुनं झालेलं ऑइल लांब उतारावर उकळतं आणि पायाखालचा ब्रेक मऊ पडतो. मनाली-लेह वाटेवरच्या तांदीच्या पंपावरच्या पाटीनुसार पुढचा पंप 365 किलोमीटरवर. लीटरला आठचा हिशेब धरून 46 लीटर होतात, तुम्ही दीडपट लावलेत आणि 70 लिहून दिलेत, कारण रस्ता बंद झाला तर परत फिरायलाही डिझेल लागतं. जॅकखाली ठेवायला सागाची दोन फुटांची फळीसुद्धा दिलीत. रेतीत जॅक खाली रुततो आणि गाडी तिथेच राहते.

पण दादा, खरे आभार पट्टीचे.

काम संपलं होतं, बिल झालं होतं. तुम्ही शेडचं शटर ओढलंत, दिवा मालवलात आणि म्हणालात, "काकू, रात्रीचे दोन वाजलेत, अलार्म वाजतोय. गॅस बंद करा." आईचा हात शेजारच्या पाण्याच्या कॉकवर गेला. दोन्ही एकाच घडणीचे, एकाच उंचीवर. तुम्ही दिवा लावलात, काही बोलला नाहीत. 80 नंबरच्या पॉलिशपेपरची बोटभर पट्टी कापलीत, गॅसच्या कॉकवर गुंडाळून चिकटवलीत. पाण्याचा गुळगुळीत तसाच ठेवलात. चिकटेपर्यंत आईला स्टुलावर बसवलंत, चहा मागवलात. मग पुन्हा दिवा बंद. खरखरीत लागलं की गॅस. तिसऱ्या खेपेला तिने मोजून दोन सेकंदांत कॉक बंद केला, आणि अंधारातच हसलेली ऐकू आली.

तिच्या बोटांना हल्ली संधिवात आहे, चष्मा उशाशी सापडत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही पाहिलंत. या गाडीत सगळ्यात हळू हालचाल कुणाची, ते पाहून तिच्या हाताशी गाडी जुळवलीत. पैशाने मिळणारं काम चांगलं करणारी माणसं इंदुरात पुष्कळ आहेत. ज्याचं बिल होत नाही ते काम आठवणीने करणारी माणसं कमी भेटतात, आणि भेटली की त्या दिवसापुरतं तरी सगळ्या गावावर विश्वास बसतो. ज्यांनी अडीच महिने लावून बंद कपाट बनवलं, त्यांच्याकडेही पॉलिशपेपर होता. लॅमिनेटच्या कडा त्यानेच घासल्या होत्या.

शनिवारी पहाटे निघतोय. तुम्ही चाकांच्या नटांवर मारलेल्या पांढऱ्या रेघा देवासला एकदा आणि पुढे ग्वाल्हेरला एकदा पाहू. रेघ सरकलेली दिसली तर स्पॅनर लावू. हवा पहाटे, टायर गार असतानाच मोजू. नाले दुपारी बर्फ वितळून चढायच्या आत, सकाळी ओलांडू.

उरलेला पॉलिशपेपर आईने तुमच्याकडून मागून आणलाय. डॅशबोर्डच्या कप्प्यात, चिकटवायच्या ट्यूबसोबत, रुमालात गुंडाळून ठेवलाय. पट्टी सुटली तर ती स्वतः लावणार आहे.

आपले नम्र,
काकूंच्या घरची सगळी मंडळी
इंदूर