पिशवीत वांगी होती

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, "अण्णा, वाचलं का?" मी "वाचतोय, वाचतोय" म्हटलं आणि फोन तुझ्या आईच्या हातात दिला. ते खोटं होतं. तुझी कादंबरी आली त्याच रात्री मी ती संपवली. अडीच वाजता दिवा घालवला तेव्हा तुझी आई झोपेतच म्हणाली, "एवढं काय आहे त्यात?" मी पाणी प्यायला उठलो. नंतर आणखी दोनदा वाचलं. छत्तीस वर्षं वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे बसलेल्या माणसाला एका पुस्तकाबद्दल पोटच्या मुलीशी दोन वाक्यं बोलता येऊ नयेत, याची लाज वाटली. बोलता येईना म्हणून लिहायला बसलोय.

तू वाचकांच्या दोन पत्रांचं सांगितलंस. एका गृहस्थांनी लिहिलं की घरची धुणी चव्हाट्यावर धुताना काहीच कसं वाटलं नाही. आणि बेळगावकडच्या एका बाईंनी लिहिलं की ही तर माझीच गोष्ट, तुम्हाला कुणी सांगितली? पहिल्या पत्राने तुझं जेवण गेलं, दुसऱ्याने तू घाबरलीस. आणि मग मला विचारलंस, "मी हे का लिहिलं असेन, अण्णा?" हे तू मला विचारावंस! पण ती दोन्ही पत्रं मला जुन्या ओळखीची वाटली. असे वाचक मी टेबलावरून रोज पाहिलेत.

कादंबरी परत करताना लोक सगळ्यात जास्त काय विचारतात, सांगू? चांगली की वाईट, हे नाही. "ही खरी गोष्ट आहे का हो?" हेच विचारतात. वकील विचारतात, शाळामास्तर विचारतात, केळीच्या वखारीवरचे हमालही विचारतात. माझं उत्तर ठरलेलं होतं: "कादंबरी आहे, कादंबरीसारखी वाचा." हे वाक्य मला फार आवडायचं. आपण वाचकाला शहाणं केलं, असं वाटायचं.

हरिभाऊ आपट्यांचंच घे. जन्म आपल्या पारोळ्याचा, १८६४चा, म्हणून त्यांचं नाव निघालं की मला उगाच घरचं माणूस निघाल्यासारखं वाटतं. बाकी त्यांचं आयुष्य गेलं मुंबई-पुण्यात. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्ष्यात कोण घेतो' हप्त्याहप्त्याने यायला लागली. वय सव्वीस. सव्वीस वर्षांचा पुरुष यमू नावाच्या मुलीच्या तोंडून 'मी, मी' करत तिचं लहानपण, लग्न, नवऱ्याने शिकवलेलं वाचणं-लिहिणं, वैधव्य, आणि शेवटी घरच्याच माणसाने पुढाकार घेऊन केलेलं तिचं केशवपन सांगतो. बाहेर तेव्हा 'सुधारका'तून आगरकर विधवांच्या बाजूने तोफा डागत होतेच. वादात हरवायला समोर कुणी तरी लागतं. यमूशी कोण वाद घालणार? ती फक्त सांगते. म्हणून त्यांनी निबंध न लिहिता कादंबरी लिहिली असावी, असा माझा तर्क. हरिभाऊंचा उद्देश सुधारणेचा होता हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण नुसत्या उद्देशाने यमूच्या सासरच्या स्वयंपाकघरातला धूर डोळ्यांत जात नाही. त्याला आणखी काही तरी लागतं, आणि ते काय असतं हे प्रस्तावनेत सापडत नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा आपल्याकडे एक म्हातारी वर्गणीदार बाई यायच्या. केशवपन केलेल्या विधवा नेसायच्या ते लाल आलवण, डोक्यावरून पदर घट्ट. आपल्या गावात तशा शेवटच्याच त्या. दर पावसाळ्यात त्या ही कादंबरी न्यायच्या. एकदा मी आगाऊपणा केला: "आजी, पाठ झाली असेल की आता." त्या म्हणाल्या, "सगळी नाही रे. तेवढी पानं मी वाचत नाही. ती मला माहीत आहेत." एवढं बोलून छत्री उघडून निघून गेल्या. मी पुस्तक परत आल्यावर पाहिलं, तर केशवपनाची ती पानं खरंच कोरी करकरीत होती आणि बाकीचं पुस्तक बोटांच्या तेलाने पिवळं पडलं होतं. कादंबरीचं नाव म्हणजे एक तक्रारच आहे, कोण लक्षात घेतो म्हणून. इथे एक बाई नव्वद वर्षांनंतर इतकं लक्षात घेऊन बसली होती की तिला ती पानं उघडवत नव्हती. हरिभाऊंना ते कधीच कळलं नाही. ते १९१९ सालीच गेले.

घाणेरड्या पत्राचं म्हणशील, तर विभावरी शिरूरकर आठव. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं आणि नुसता धुरळा उठला. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते एका बाईने सरळ लिहिलं होतं. लगेच पुढच्या वर्षी 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी. लोकांना कथेपेक्षा मोठा प्रश्न पडला: ही विभावरी कोण? बाई आहे की बाईच्या नावाने लिहिणारा पुरुष? टोपणनाव हे कुलूपच. आणि कुलूप दिसलं की माणूस आधी किल्ली शोधतो, घरात काय आहे ते नंतर. त्या होत्या बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. जन्म घोडनदीचा, म्हणजे शिरूरचा. आपलं गाव त्यांनी आडनावात उघड उघड ठेवून दिलं होतं! शिक्षिका होत्या. शिकवणाऱ्या बाईपाशी मुली काय काय बोलून जातात, ते आपल्या घरातल्या शिक्षिकांना विचार. ते ऐकलेलं जाणार कुठे? पुढे त्यांनी सोलापूरला, सरकारने 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत काम केलं, आणि त्यातून १९५० साली 'बळी' आली. कुंपणाबाहेरचा वाचक कुंपणाच्या आत जाणार नव्हता, म्हणून त्यांनी आतलं बाहेर आणलं. १९८१ साली मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरलं त्याच्या अध्यक्ष याच बाई होत्या. ज्यांनी त्यांना शिव्या दिल्या, त्यांची नावं आज मलाही सांगता येत नाहीत, आणि मला पुस्तकांच्या भांडणातली नावं बरीच पाठ आहेत.

ययाती-बिययातीचं सांगत बसत नाही. त्यातली वाक्यं वहीत उतरवून घेणारे शंभर लोक मी पाहिले. तोही वाचण्याचा एक प्रकार, असो.

पण 'कोसला'चं सांगतो. नेमाडेही आपल्याच जिल्ह्यातले, यावलकडच्या सांगवीचे. १९६३ची कादंबरी. अर्पणपत्रिकेत नेमाड्यांनी लिहिलंय, 'शंभरातील नव्व्याण्णवांस'. आमच्या वेळची कॉलेजची पोरं ती वाचून बोलायचीच तशी, दर वाक्यात 'उदाहरणार्थ' नाही तर 'वगैरे'. प्रत्येकाला वाटायचं, त्यातला नायक पांडुरंग सांगवीकर म्हणजे मी. नव्व्याण्णवांसाठी लिहिलेलं पुस्तक प्रत्येकाने आपल्या एकट्याचं करून टाकलं. आपल्या वाचनालयाच्या प्रतीत इतक्या पेन्सिलीच्या खुणा होत्या की नवीन वाचक तक्रार करायचे. दोनदा बांधणी केली. बांधणीसाठी सुटी केलेली पानं लावताना माझ्या लक्षात आलं: पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरते, त्या पानांवर कुणाची एकही खूण नाही. गमतीच्या जागी लोकांनी रेघा मारल्या होत्या, 'वा वा' लिहिलं होतं, एकाने तर 'आमचा रेक्टर असाच' म्हणून सही केली होती. तिथे मात्र सगळ्यांनी पेन्सिल खाली ठेवली होती. त्या दोन पत्रांखेरीज तुझ्या पुस्तकावर अजून कुणी काही बोललं नाही म्हणून तू खंतावतेस, त्यात काही जण असे असतील.

आणि साने गुरुजी. नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत, ९ तारखेला सुरू करून १३ तारखेला 'श्यामची आई' संपवलं. पाच दिवस. तुला सात वर्षं लागली म्हणून तू वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांच्याही मनात ते आधीच बरीच वर्षं होतं, तुरुंगात फक्त उतरवून काढलं. माझी अडचण वेगळीच होती. हे पुस्तक ठेवायचं कुठल्या कपाटात? कादंबरी म्हणावी तर सगळं घडलेलं, आत्मचरित्र म्हणावं तर नाव श्यामचं, आणि बालवाङ्मयात ठेवलं की मोठी माणसं रडायला तिथे जायला लाजायची. शेवटी तीन प्रती घेतल्या आणि तीन कपाटांत ठेवल्या. कमिटीने विचारलं, हे काय? म्हटलं, वाचक ठरवतील.

आता टाळण्यासारखं काही उरलं नाही.

तुझ्या पुस्तकातलं एसटीचं प्रकरण. भाऊ बहिणीला परत सासरी पोचवायला निघतो. ती खिडकीशी, तो कडेला. अडीच तासांत तो एक शब्द बोलत नाही, कारण त्याच्या हातात पुस्तक आहे. सासरी तो चहा पितो, कपबशी खाली ठेवतो, आणि परतीची गाडी चुकेल म्हणून निघतो.

ताई, मी छत्तीस वर्षं लोकांना सांगितलं, कादंबरीसारखी वाचा. ते प्रकरण वाचताना मी पहिलं काय केलं असेल? चुका शोधल्या! अगं बाई, माझ्या हातात पुस्तक नव्हतं. १९७९चा पौष होता, आणि माझ्या हातात भरिताच्या वांग्यांची पिशवी होती. तुझ्या आजोबांनी व्याह्यांकडे पाठवलेली. मला खरंच राग आला. हिने पुस्तक कुठून आणलं? मग दुसऱ्यांदा वाचताना कळलं की वांगी घेऊन बसलेल्या माणसाला बोलता आलं असतं. पिशवी मांडीवरून खाली ठेवता येते. त्या प्रवासात मी का गप्प होतो, याला माझ्याकडे इतकी वर्षं 'वडिलांची आज्ञा' हे उत्तर होतं. तू वडील काढून टाकलेस आणि माझ्या हातात पुस्तक दिलंस. आयुष्यभर मी जेव्हा जेव्हा घरात गप्प बसलो, तेव्हा हातात पुस्तक होतंच. तू ते लहानपणापासून पाहत आली असशील. त्या एका दिवशी तेवढं नव्हतं.

तुझ्या आत्याला तू कळवलं नव्हतंस. तिला गल्लीतून कळलं. परवा आली आणि म्हणाली, "दादा, पोरीने काय लिहिलंय ते वाचून दाखव." मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बारीक अक्षर लागत नाही. रोज दुपारी अंगणवाडीच्या जुन्या बायका तिच्याकडे येतात, त्या वेळेआधी तासभर, असं चार दिवस वाचलं. एसटीचं प्रकरण आलं तेव्हा मी थांबलो, चष्मा पुसायला लागलो. ती म्हणाली, "वाच की." वाचलं. कपबशीपर्यंत आलो तर मला थांबवून म्हणाली, "चहा मी नव्हता केला. सासूने केला होता. मी आत बसले होते, तू गेलास ते मला दिसलंही नाही."

हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मला वाटत होतं, ती दारात उभी होती.

पुस्तक संपलं तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. ती आठ महिन्यांनी एकटीच ट्रंक घेऊन परत आली, हे तुला माहीत असूनही तू तिला त्या घरातून बाहेर काढलं नाहीस. तेच ती म्हणाली: "मला तिथेच ठेवलं की गं पोरीने." मी म्हटलं, "कादंबरी आहे." जीभ चावली, पण बोलून गेलो. तर म्हणते, "ते कळतं मला. ज्या आल्या नाहीत त्यांची ही. माझ्याबरोबरच्या दोघी नाही आल्या."

पुस्तक तिने ठेवून घेतलं. ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवलंय त्याला. म्हणून माझ्याकडे प्रत उरलेली नाही, दोन पाठव. वाचनालयाची प्रत आली त्या दिवसापासून बाहेरच आहे. मी संध्याकाळी अजून तिथे जाऊन बसतो, तर नवीन मुलाने मला यादी दाखवली: आठ नावं थांबलेली, त्यांतली चार आपल्याच गल्लीतली. ते चौघे काय शोधायला नेणार ते तुलाही कळतं आणि मलाही. नेऊ देत. तिसरं नाव तुझ्या आईचं आहे. घरची प्रत आत्याकडे गेली म्हणून तिने रीतसर वर्गणी भरून नाव नोंदवलंय, आणि मला यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझे,
अण्णा