बाबा, कुंभार्ली घाटाचा मोठा भाऊ बघून आले

प्रिय आई-बाबा,

फोनवर नीट सांगता येत नव्हतं, तिथे हिमाचलच्या डोंगरात रेंजच नाही, म्हणून आता पोहोचल्यावर लिहून काढतेय. आई, तू हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव, चष्मा सापडत नाही म्हणतील.

शिमल्याहून कल्पाला गेलो, किन्नौर जिल्ह्यातलं गाव, सरकारी बसने. बाबा, तुमची आठवण दर वळणाला येत होती. ड्रायव्हरच्या मागचीच सीट मिळाली होती, आणि तो माणूस उतारावर अगदी तुमच्यासारखा, ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकला हात कमी. समोरून चढणारी गाडी आली की हा आधी थांबणार. मला उगाच अभिमान वाटला, म्हणजे त्याचा नाही, तुमचा.

हा रस्ता जुना हिंदुस्तान-तिबेट रोड. लॉर्ड डलहौसीच्या काळात, 1850 च्या सुमारास काम सुरू झालं, तिबेटशी व्यापार व्हावा म्हणून. तेव्हा खेचरं आणि माणसं चालतील एवढाच होता, आणि डोंगरातल्या गावकऱ्यांना बेगारीवर राबवून केलेला. डलहौसी स्वतः कल्पाला येऊन राहायचा, तेव्हा त्या गावाचं नाव चिनी. त्याचं नाव सगळीकडे लागतं, बेगाऱ्यांचं कुठे काहीच नाही, हे मला खटकलं.

नारकंड्यानंतर सफरचंदाच्या बागा सुरू होतात. त्या बाजूला कोटगढ म्हणून भाग आहे, तिथे सॅम्युएल स्टोक्स नावाचा अमेरिकन माणूस 1904 ला भारतात आला तो राहिलाच, लग्न इथलंच केलं, 1916 मध्ये अमेरिकेतून सफरचंदाची रोपं आणून लावली, स्वातंत्र्याच्या चळवळीत जेलमध्ये पण गेला आणि पुढे हिंदू होऊन सत्यानंद झाला. आज रस्त्याला जे पेट्यांनी भरलेले ट्रक दिसतात ना, त्याची सुरुवात ती. आपल्याकडे हापूसच्या पेट्या निघतात तसंच अगदी, फक्त गारठ्यात.

रामपूरला सतलजच्या काठाशी उतरतो आणि मग खरी गंमत. किन्नौरमध्ये रस्ता कड्यातच कोरलेला आहे, म्हणजे डोक्यावर पण दगड, एका बाजूला दगड, आणि दुसऱ्या बाजूला थेट खाली नदी! कठडा कुठे आहे कुठे नाही. तरांडा देवीच्या देवळापाशी गाड्या थांबतात, ड्रायव्हर हात जोडतो, आमचापण उतरला. आई, तू असतीस तर नारळ शोधत बसली असतीस. पुढे दरड पडली होती, चार तास एकाच जागी. कोणी चिडलं नाही, कंडक्टर चक्क झोपला.

कल्पाला सकाळी समोर किन्नर कैलास, पांढराशुभ्र, खिडकीतूनच. आणि बाबा, तुम्ही मतदान कधी चुकवत नाही म्हणून सांगते, श्यामसरण नेगी याच गावचे, शाळामास्तर. इथे पुढे बर्फ पडणार म्हणून बाकी देशाच्या आधी, 25 ऑक्टोबर 1951 ला मतदान झालं आणि स्वतंत्र भारतातलं पहिलं मत त्यांचं. 2022 मध्ये गेले, त्याच्या तीन दिवस आधी पोस्टाने शेवटचं मत दिलेलं.

आमची सुट्टी कल्पालाच संपली. रस्ता पुढे खाबला जातो, तिथे स्पिती नदी सतलजला मिळते, आणि स्पितीत ताबोचा मातीचा मठ आहे, 996 सालचा. पुढच्या वर्षी तुम्हा दोघांना घेऊन जायचं ठरवलंय मी, सप्टेंबरअखेर, पावसात अजिबात नाही. आई, तुझ्या गुडघ्यांसाठी मध्ये रामपूरला एक रात्र थांबू. बाबा, एकच अट, ड्रायव्हरला सूचना द्यायच्या नाहीत.

पार्सलमध्ये चिलगोझे, म्हणजे पाइनच्या झाडाच्या बिया, पाठवतेय, किन्नौरचेच, भाजलेले आहेत. साल दाताने फोडू नका बाबा, कवळी नवी आहे. आईकडून सोलून घ्या.

तुमची,
छोटी