पहिला रिपोर्ट खोटा नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांचे दोन रिपोर्ट वेगवेगळे आले. घशातून दुर्बीण घालून काढलेल्या अन्ननलिकेतल्या गाठीच्या तुकड्यात साधा स्क्वॅमस (अस्तरातल्या चपट्या पेशींचा) कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर अख्खी गाठ तपासली, तर अन्ननलिकेचा कार्सिनोसार्कोमा. लगेच गावात सुरू झालं, 'पहिला डॉक्टर चुकला', 'लॅबवाल्यांनी नमुना बदलला'. त्या बोलण्याने घरच्यांना आजाराइतकाच त्रास झाला, म्हणून हे पत्र.

या आजारात एकाच गाठीत दोन जातींच्या पेशी असतात. एक अन्ननलिकेच्या अस्तरातल्या, चपट्या. दुसऱ्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, सार्कोमात (स्नायू, हाडं, चरबी यांच्या कॅन्सरमध्ये) दिसतात तशा. तुकडा वरवरचा निघाला की एकच जात हाती लागते. म्हणजे रिपोर्ट अपुरा असतो, खोटा नव्हे. केराटिन आणि व्हिमेंटिन ही पेशींतली प्रथिनं रंगवून शोधणारी आयएचसी तपासणी केली की दोन्ही जाती ओळखायला मदत होते.

दोन जाती आल्या कुठून? पूर्वी एक तर्क असा होता की दोन वेगळे कॅन्सर शेजारी शेजारी वाढून एकमेकांत मिसळतात. आता बहुतेक तज्ज्ञ मूळ एकच मानतात. अस्तरातली कॅन्सरची पेशीच शेजारच्या पेशींना धरून राहणं सोडते, आकार बदलते आणि सार्कोमासारखी वागू लागते. काही रुग्णांच्या गाठींत दोन्ही भागांत पी-53 या, पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकाचा तोच बिघाड सापडला, त्यामुळे हे मत मला पटतं. विडी, तंबाखू आणि दारू यांचा धोका इथेही आहेच.

ही गाठ बहुधा देठाला लोंबणाऱ्या वांग्यासारखी नळीच्या पोकळीत वाढते, त्यामुळे गिळायला त्रास तुलनेने लवकर सुरू होतो. आजार लवकर पकडायची खरी संधी तीच, आणि आपल्याकडे ती हमखास वाया जाते. 'घास उतरस नही' म्हणत माणूस कळण्याची भाकरी आधी वरणात कुस्करतो, मग दुधात भिजवतो, शेवटी नुसत्या पेजेवर येतो. तोवर मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्या चालूच. आमच्याकडेही असंच महिनोन्‌महिने चाललं. हा आजार दुर्मिळ, अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये शेकडा दोनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पण घास अडकण्याचं लक्षण अन्ननलिकेच्या इतर कॅन्सरमध्येही तेच असतं.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या तपासणी शिबिरांत तोंड उघडून पाहतात, ते चांगलंच आहे. तिथे 'भाकरी गिळताना अडकते का?' एवढंही विचारावं, आणि हो म्हणणाऱ्याला दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठी द्यावी. रुग्णाच्या घरच्यांनी रिपोर्टबरोबर लॅबमधून काचा (गाठीचे पातळ काप लावलेल्या) आणि मेणाचा ब्लॉकही (ज्यात गाठीचा तुकडा जपलेला असतो) मागून जपून ठेवावा. नाशिक-मुंबईला दुसरं मत घ्यायला गेलं की पहिल्यांदा तोच मागतात.

— एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)