भांडं चालू ठेवून कामाला जातो, पण काळजी नको

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

माझी तब्येत उत्तम आहे. वजन घटलेलं नाही. कॉलवर चेहरा उतरलेला दिसतो तो खोलीतल्या दिव्यामुळे. जेवणही वेळेवर होतं.

आई, तू परवा फोनवर फारच घाबरलीस, म्हणून नीट लिहितोय. हो, विजेचं भांडं चालू ठेवून मी कामाला जातो. गॅसवर दूध ठेवून तू दारापर्यंतसुद्धा जात नाहीस, तेव्हा तुला हे वेडेपणाचं वाटणारच. पण इथे अमेरिकेत ही घरोघरची रीत आहे. या भांड्याला स्लो कुकर म्हणतात. बाहेरून धातूचं कवच, आत जाड चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण. ज्योत नाही, शिट्टी नाही, वाफेचा दाब नाही. आच कडेकडेने हळूहळू लागते आणि झाकणामुळे पाणी फारसं आटत नाही, म्हणून बूड लागायची भीती कमी. 1971 साली रायव्हल कंपनीने तो 'क्रॉक-पॉट' नावाने विकायला आणला आणि नोकरीला जाणाऱ्या बायकांनी तो उचलून धरला. सकाळी भरायचा, संध्याकाळी आल्यावर वाढून घ्यायचं. घरात कोणी नसताना शिजावं म्हणूनच तो वापरतात. तरी तुझ्या शब्दाखातर मी तो भिंतीपासून लांब, कोरड्या ओट्यावर ठेवतो आणि एक्स्टेन्शनला लावत नाही.

सध्या त्यात सफरचंदं शिजतात. इथे त्याला ॲपलसॉस म्हणतात. मुरांब्यासारखा पाक नसतो, नुसता फळाचा गर. मॅकिन्टॉश जातीचं सफरचंद शिजून पार विरघळतं, म्हणून निम्मी ती घेतो आणि निम्मी गोडीला गाला. दीड किलोची सालं नि बिया काढायच्या, मोठ्या फोडी करायच्या, काळ्या पडू नयेत म्हणून चमचाभर लिंबाचा रस. पाणी अर्धीच वाटी, बाकीचं फळच सोडतं. दालचिनीची एक कांडी, दोन लवंगा आणि तू डब्यात बांधून दिलेलं जायफळ, किसणीवर दोनदा फिरवून. जास्त घातलं तर कडवट होतं. सहा तास मंद आचेवर. संध्याकाळी जिन्यातच दालचिनीचा वास येतो आणि कुलूप उघडेपर्यंत धीर निघत नाही. फोडी चमचा टेकवताच बसतात. मग कांडी नि लवंगा काढून पावभाजीच्या मॅशरने घोटतो. साखर अगदी शेवटी, चाखून. बहुतेकदा लागतच नाही. इथले लोक हे डुकराच्या मांसाबरोबरही खातात, मी पोळीबरोबर खातो. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं.

तू करून बघ. जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण ठेवून, बारीक गॅसवर अर्ध्या-पाऊण तासात होईल. हे मात्र समोर उभी राहूनच कर. बाबा, साखर घातली नाही तरी फळाची असतेच, तेव्हा तुम्ही दोनच चमचे घ्या. मी तिथे असतो तर वाटी हातातून काढून घेतली असती.

पैसे नेहमीच्या तारखेला पाठवतोय, या वेळी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे धरून. लेन्समध्ये काटकसर करू नका. त्या दिवशी मी जवळ नसेन हे मनातून जात नाही. मामांना दोन दिवस राहायला बोलवा, त्यांच्याशी मी बोललो आहे. दिवाळीलाही सुट्टी मिळत नाही. ताईला भाऊबीज वेगळी पाठवली आहे, तिला रागावू नको म्हणावं.

स्थळाचं म्हणाल तर मी नाही म्हणत नाही. पत्रिका जुळली, छानच. पण मुलीशी मला आधी निवांत बोलू द्या, तिला इकडे यायचं आहे का तेही तिलाच विचारू द्या. आणि आई, मुलगा दोन वर्षांत परत येणार असं त्यांना सांगू नकोस. ते अजून माझंच ठरलेलं नाही. ऑपरेशनची तारीख कळली की लगेच कळव, रात्र असली तरी फोन कर.

तुमचा,
बाळू